छत्री सॅकमध्ये खोचण्याआधी

ट्रेकला छत्री आणणाऱ्याकडे बाकीचे जरा गमतीनेच बघतात. बघू देत. रेनकोट घालून चढाला लागलं की अर्ध्या तासात आतला शर्ट घामाने ओलाचिंब होतो, मग बाहेरचा पाऊस अडवून मिळवलं काय? छत्रीखाली हवा खेळती राहते, चष्म्यावर थेंब पडत नाहीत, भर पावसात उभं राहून नकाशा उघडता येतो. मात्र तिची तयारी आदल्या रात्रीवर ढकलू नका. चार दिवस हाताशी असले की मोडकं काही सापडलं तर दुरुस्तीला वेळ मिळतो.

आधी घरातलीच छत्री उघडून उजेडात धरा. कापडाला भोक असेल तर लगेच दिसेल. मग एकेका काडीच्या टोकाशी जा. कापड तिथे दोन-तीन टाक्यांवर तगलेलं असतं, आणि वाऱ्यात पहिला उसवतो तो हाच टाका. सैल वाटला तर जाड दोऱ्याने पक्का करून घ्या. तीच सुई आणि वावभर दोरा सॅकमध्येही असू द्या. तीन घड्यांची छत्री बाजूच्या खिशात मावते खरी, पण जितके सांधे तितक्या मोडायच्या जागा. नवी घेणार असाल तर सरळ दांड्याची, फायबरग्लासच्या काड्यांची बघा. ती काडी वाकते आणि परत सरळ होते, लोखंडी एकदा मुडपली की मुडपली. खास ट्रेकसाठी बनवलेल्या छत्र्या २०० ते २५० ग्रॅमच्या आसपास असतात. बटण दाबताच फटकन उघडणारी मी नेत नाही. एकदा काटेरी जाळीतून वाकून जाताना माझी पाठीमागे आपोआप उघडली. ती सोडवताना कापडही फाटलं आणि मनगटही ओरबाडलं. मुठीला दोरीचा फास हवाच, हात घसरला तर छत्री दरीत जायला नको.

यानंतरचं काम बहुतेक जण टाळतात: भरलेली सॅक पाठीवर घेऊन, छत्री उघडून, पावसात अर्धा तास चालून या. चालताना छत्री नकळत पुढे झुकते आणि मागच्या काड्यांवरचं पाणी नेमकं सॅकवर ओघळतं. म्हणून सॅकचं कव्हर यादीत राहतंच, आणि आतले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत. हात मोकळे हवे असतील तर दांडा खांद्याच्या पट्ट्याला दोन ठिकाणी बांधा, एक गाठ खांद्याजवळ, दुसरी कमरेच्या अंगाला. एकाच गाठीवर छत्री लंबकासारखी डुलते. बांधून झाल्यावर बुटाची नाडी बांधायला वाका, मान वर करून बघा. पुढची फांदी दिसत नसेल तर छत्री फार खाली बांधली आहे.

मग नकाशा घ्या, आणि छत्री कुठे मिटायची ते घरीच ठरवा. झाडीतली रुंद वाट, पठार, गाडीरस्ता इथे ती उघडी. उघडी धार, खिंड, हात टेकवून चढायचे खडक, अरुंद आडवी वाट इथे बंद, कितीही पाऊस असो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की छत्रीवरचा जोर चौपट होतो, आणि त्या ओढीने तोल जातो तो माणसाचा. हवामानाचा अंदाज बघताना एक आकडा ध्यानात ठेवा. वारा मोजायच्या ब्यूफोर्ट श्रेणीत सहाव्या पायरीची एक खूणच अशी आहे की छत्री सांभाळणं कठीण जातं. ही पायरी ताशी ३९ ते ४९ किलोमीटरची. डोंगरावर तेवढ्या वाऱ्याचा अंदाज असेल तर छत्री घरीच राहू द्या. आणि अंदाज काहीही असला तरी रेनकोट सॅकमध्ये हवा. धारेवर छत्री मिटल्यावर अंगावर दुसरं काय घेणार?

विजांचं वेगळं. लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत. छत्री मिटून उघड्यावरून खाली उतरायला लागा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी माथ्याकडे वळू नका. फायबरग्लासच्या काड्या आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. उघड्या माळावर सगळ्यात उंच तुम्हीच असता.

उन्हाळ्यातल्या ट्रेकला बाहेरून चंदेरी कापडाची छत्री घ्या. अमेरिकेतल्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी टप्प्यात पाऊस क्वचितच, तरी कित्येक जण छत्री घेऊन चालतात. सावली आपल्यासोबत चालते, हा टोपीला न जमणारा प्रकार. पाणी मात्र त्या भरवशावर कमी घेऊ नका.

शेवटी एक जुनं फडकं आणि एक लांबट पिशवी. मुक्कामी पोचल्यावर छत्री झटकून, फडक्याने काड्या पुसून उघडीच वाळत ठेवायची. रात्री वारा असेल तर दांडा बांधून. परतीच्या प्रवासात ओली छत्री त्या पिशवीत, आणि घरी आल्यावर सॅक उपसायच्या आधी ती बाहेर. माझी एक छत्री त्याच पिशवीत तीन आठवडे राहिली. उघडली तेव्हा कापडावर काळे ठिपके आणि खटका गंजून घट्ट बसलेला.