कॉपर काढून पेक्स टाकताय? आधी या चुका टाळा

इकडे न्यू जर्सीत आपल्या ओळखीच्या बऱ्याच जणांनी साठ-सत्तर सालची जुनी घरं घेतलीत. पाण्याच्या कॉपर पाइपला पिनहोल लीक (सुईएवढ्या भोकांतून गळती) सुरू झाले की प्लंबरचं कोटेशन येतं, ते बघून सगळे यूट्यूबकडे वळतात आणि शनिवारी पेक्सचं (म्हणजे लवचिक प्लास्टिक पाइपचं) भेंडोळं घेऊन घरी. स्वतः करण्यात गैर काहीच नाही, मीही माझं घर असंच केलंय (टाऊनशिपला परमिटचं विचारून). पण मित्रांकडे मदतीला जाऊन त्याच त्याच चुका इतक्यांदा बघितल्यात की आता लिहूनच ठेवतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे क्रिम्प, म्हणजे रिंग दाबून केलेला जोड, न तपासणं. पितळी फिटिंगवर पाइप, वरून तांब्याची रिंग, टूलने दाबली की झालं असं वाटतं. नाही होत. रिंग पाइपच्या टोकापासून १/८ ते १/४ इंच आत पाहिजे, टूल सरळ धरलेलं पाहिजे आणि नंतर प्रत्येक रिंगवर गो-नो-गो गेज (रिंग नीट दाबली गेलीय का ते दाखवणारं माप) फिरवलंच पाहिजे.

एका मित्राने वरच्या मजल्यावरचं बाथरूम एकट्याने केलं, दोन दिवसांत पाइप, लगेच ड्रायवॉल, लगेच टाइल्स. अकराव्या दिवशी रात्री दोनला फोन, किचनच्या छतातून धार लागलीय. मी पोचलो तेव्हा वहिनी बादल्या बदलत होत्या आणि हा बेसमेंटमध्ये मेन वॉल्व्हशी झटत होता, इतक्या वर्षांत कधी फिरवलाच नव्हता म्हणून तो हलेना. सकाळी भिंत फोडली तर एका एल्बोवर रिंग चढवलेली, पण दाबलेलीच नाही! फिटिंगच्या दातांवर पाइप इतका घट्ट बसतो की नुसत्या तेवढ्यावर तो अकरा दिवस टिकला होता. टेस्ट केली होती म्हणे, पंधरा मिनिटं.

तेव्हापासून माझी सवय अशी की गेज पास झालं की त्या रिंगवर मार्करने टिंब, आणि टिंब नसलेली रिंग म्हणजे न दाबलेली रिंग. मग लाँड्रीच्या नळाला प्रेशर गेज लावतो, वॉटर हीटर अलग करतो, मेन बंद करतो आणि रात्रभर तसंच सोडतो. पेक्स थोडा ताणतो त्यामुळे सुरुवातीला सुई जराशी उतरते, पुन्हा प्रेशर भरून घ्यायचं, त्यानंतर मात्र सकाळपर्यंत हलायला नको. भिंत बंद करायची घाई ज्याला आहे त्याने हे काम हातात घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट यूट्यूबवाले फार कमी सांगतात. जुन्या घरात इलेक्ट्रिक पॅनेलची ग्राउंड वायर (अर्थिंग) पाण्याच्या पाइपला क्लॅम्प केलेली असते. मधला कॉपर कापून प्लास्टिक टाकलं की ती वाट तुटते, आणि लाइट चालू, पाणी चालू, त्यामुळे कुणाला काही कळत नाही. एका घरात तो क्लॅम्प अर्ध्या फुटाच्या कॉपरच्या तुकड्यावर लटकलेला बघितला, दोन्हीकडे पेक्स! न्यूट्रल ढिला असेल तर कॉपर कापतानाच झटका बसू शकतो. इथे पैसे वाचवू नका, करवत लावायच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

वरच्या मजल्यावर शॉवर बारीक येतो अशी तक्रार नंतर हमखास येते. अर्धा इंची एल टाइप कॉपर आतून ०.५४५ इंच, अर्धा इंची पेक्स साधारण ०.४७५, म्हणजे पाण्याला जागा जेमतेम पाऊणपट, वर फिटिंग आत शिरतं ते वेगळंच. मुख्य लाइन पाऊण इंचीच ठेवा, आणि पाइप हवा तसा वळतो तर प्रत्येक कोपऱ्यात एल्बो कशाला?

पाइप तंग ओढू नका, १०० फुटाला दर १० डिग्री फॅरनहाइटमागे साधारण एक इंच वाढतो. हीटरला थेट जोडू नका, आधी १८ इंच कॉपर. सोल्डर आधी, पेक्स नंतर, उलटं केलंत तर पाइप वितळेल. भेंडोळं उन्हात पडू देऊ नका. पुश-फिट (पाइप नुसता आत ढकलायचा जोड) घाईला ठीक, पण कापलेल्या कॉपरची कड साफ केली नाही तर आतली ओ-रिंग फाटते, आणि भिंतीच्या आत मी ते लावतच नाही. एक्स्पान्शनवाला पेक्स-ए (टोक रिंगसकट फुगवून फिटिंगवर चढवायचा प्रकार) असेल तर थंडीत रिंग सावकाश आवळते, लगेच पाणी सोडू नका.

आणि आधीच्या मालकाने कुठे करड्या रंगाचा प्लास्टिक पाइप टाकलेला सापडला तर त्यावरचा छापा वाचा. पीबी२११० असेल तर तो पॉलीब्युटिलीन, पेक्स नाही. त्याला आपल्या पेक्सच्या रिंगा-फिटिंग लावू नका, अख्खा काढून टाका.