पर्जन्यमापक लावलाय? मग या चुका टाळा

गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची हौस आता बऱ्याच गावांना आली आहे, चांगलंच आहे. पण पाऊस आणि विहिरीच्या नोंदींची वही चाळायला घेतली की दर वर्षी त्याच चुका, आणि मी आपला तेच रडगाणं गातो.

सगळ्यात जास्त डोकं फिरवते ती मोजपात्राची चूक. साध्या पर्जन्यमापकाचं तोंड १०० किंवा २०० चौरस सेंटिमीटरचं असतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे पहिल्यात १० मिली पाणी, दुसऱ्यात २०. त्यामुळे काचेचं मोजपात्र त्याच मापाच्या तोंडासाठी आखलेलं लागतं. पारनेर तालुक्यातल्या एका गावात जुलैचा पाऊस शेजारच्या गावाच्या बरोबर निम्मा दिसत होता. तिथली मंडळी म्हणाली, "आमच्याकडं ढग फिरकतच नाय." ढगाचा काय दोष! मेडिकलमधली १० मिलीची सिरिंज माझ्या पिशवीत कायम असते. तिने दहा वेळा पाणी ओतलं. १० मिलिमीटर दिसायला हवे होते, दिसले ५. जुनं पात्र फुटलं होतं आणि कुणीतरी २०० वाल्याचं आणून ठेवलं होतं. कधी? "पंचमीच्या आधी कधीतरी." तारीखच नाही, तर आकडे दुप्पट तरी कुठून करायचे? अख्खा महिना बाद. काही बदललं की त्याच दिवशी वहीत लाल पेनाने लिहा, एवढंच माझं मागणं आहे.

यंत्र गच्चीवर नको. झाड किंवा भिंत जेवढी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतर सोडा. गेल्या वर्षी वीतभर असलेला शेवगा यंदा डोक्यावर गेलेला असतो, हे लक्षात असू द्या.

नोंद सकाळी साडेआठला, आणि चोवीस तासांचा तो पाऊस त्याच दिवसाच्या तारखेला. "रात्री पडला म्हणून कालच्यात धरला" हे चालत नाही.

पाऊस नसेल तर शून्य लिहा. रिकामी जागा म्हणजे तुम्ही गेलाच नव्हता. आठवड्याची वही रविवारी बसून भरणारे मला लगेच कळतात. सगळे आकडे पाच-दहाच्या पटीत आणि शाई एकच.

आता विहीर. इथे घाई फार. मोटार चालू असताना टेप सोडतात आणि "पातळी खचली" म्हणून बोंब मारतात. पंप बंद करून पाणी पुन्हा चढू द्यावं लागतं. मी तर पहाटे, वीज यायच्या आधी जातो. मोजायची जागाही दर वेळी तीच हवी, म्हणून कठड्यावर ऑइलपेंटने बाण काढा. कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली लिहा. एकीकडे कठडा बांधला तेव्हा वजाबाकी कुणी केलीच नाही, आणि कागदावर पाणी एका रात्रीत अडीच फूट खाली गेलं. सरपंच बोअर मागायला निघाले होते! खोली परसात, म्हणजे माणसाच्या उंचीच्या मापात, तर मुळीच लिहू नका. आजोबांचा परस वेगळा, नातवाचा वेगळा.

आणि मोबाइल ॲपवर विसंबणाऱ्या नव्या पोरांनो, ॲप आकडा साठवतं, विहिरीत डोकावत नाही. टेपचं पहिलं टोक तुटलेलं असेल तर तेही त्याला कळत नाही. माझ्याकडे असा एक टेप आहे, सात सेंटिमीटर कमी. त्याच्यावर चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे, तरी दोघांनी वापरलाच.