फोनवर शोधून औषध लिहिताय? नव्या डॉक्टरांसाठी माझा अनुभव

इंटर्नशिप संपवून आरएमओ (हॉस्पिटलातले निवासी डॉक्टर) म्हणून लागलेल्या किंवा नुकताच स्वतःचा दवाखाना टाकलेल्या मुलामुलींसाठी लिहितेय. पबमेड हा वैद्यकीय पेपरांचा ऑनलाइन साठा, आरसीटी म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली ट्रायल, हे तुम्हाला येतंच, पीएसएममध्ये (समाजवैद्यक विषयात) सगळ्यांनी पाठ केलंय, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. मला सांगायचंय ते एकाच चुकीबद्दल. ती मी केली, एका पेशंटने भोगली आणि ती आठवली की आजही पोटात गोळा येतो.

२०२० चा सप्टेंबर, कोरोनाचे दिवस. मी पुण्यातल्या एका छोट्या खासगी हॉस्पिटलात आरएमओ होते. बेड मिळत नव्हते, फोन सतत वाजत असायचा, बारा तासांची ड्यूटी अठरा तासांची व्हायची. धायरीचे एक काका आले, वय ५८, डायबेटिस, ताप चौथा दिवस, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) बाहेरून ऑक्सिजन न देता ९७, म्हणजे चांगलं. खोकला होता, दम लागत नव्हता. काका घाबरलेले, मुलगा त्याहून जास्त. मुलगा म्हणाला, "मॅडम, ते स्टेरॉइडने माणसं वाचतात म्हणे, बाबांना द्या ना." आणि मला ते माहीत होतं! डॉक्टरांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर रिकव्हरी या कोरोनावरच्या ट्रायलचा मेसेज कितीदा फिरला होता, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ६ मिलीग्रॅम रोज, १० दिवसांपर्यंत, मृत्यू कमी होतात. मी लिहून दिलं आणि घरी पाठवलं. आपण काहीतरी अद्ययावत करतोय असंच मला तेव्हा वाटत होतं.

पाचव्या दिवशी काका परत आले, स्टेरॉइडने शुगर चढून ४३२. ॲडमिट, इन्सुलिन, नऊ दिवस. वाचले, आज व्यवस्थित आहेत. पण त्या नऊ दिवसांत राउंडला येणाऱ्या आमच्या फिजिशियन सरांनी मला बाजूला घेऊन शांतपणे एवढंच विचारलं, "डॉक्टर, त्या ट्रायलमध्ये ऑक्सिजन न लागलेल्यांचं काय झालं?" मला उत्तर येत नव्हतं. मी पेपर उघडलेलाच नव्हता.

त्या रात्री उघडला. आता नीट वाचा, इथे मी जरा जास्तच समजावणार आहे. ऑक्सफर्डच्या लोकांनी ६,४२५ पेशंट घेतले, २,१०४ जणांना डेक्सा, ४,३२१ जणांना नेहमीची ट्रीटमेंट. सगळे मिळून २८ दिवसांतले मृत्यू २२.९ टक्के विरुद्ध २५.७ टक्के. ग्रुपवर फिरत होता तो हा एकत्र आकडा, त्याच्याखाली टाळ्यांचे इमोजी. पण त्यांनी पेशंटचे तीन गट वेगळे करून दाखवले होते. व्हेंटिलेटरवरच्यांत २९.३ विरुद्ध ४१.४, म्हणजे साधारण आठ जणांना दिलं की एक जीव वाचतो, प्रचंड फायदा. ऑक्सिजनवरच्यांत २३.३ विरुद्ध २६.२, फायदा आहे पण लहान. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात १७.८ विरुद्ध १४.०. म्हणजे डेक्सा घेतलेल्यांतच जास्त गेले. रेट रेशो (दोन गटांतल्या मृत्यूदरांचं गुणोत्तर, १ म्हणजे फरक नाही) १.१९, कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा साधारण ज्या पट्ट्यात असावा तो) ०.९१ ते १.५५, त्यात १ येतो, म्हणून नुकसान सिद्ध झालं असं म्हणता येत नाही, पण फायदा तर कुठेच दिसत नाही. माझे काका तिसऱ्या गटातले. तेही पूर्ण नाही, कारण ट्रायलमधले सगळे ॲडमिट झालेले होते आणि काका चालत ओपीडीत आलेले.

आणि हे कुठे लपवून ठेवलेलं नव्हतं. ॲब्स्ट्रॅक्टमध्येच, म्हणजे पेपरच्या सुरुवातीच्या सारांशातच होतं. १६ जून २०२० ला ऑक्सफर्डने पहिल्यांदा निकाल जाहीर केला त्यातही होतं. फॉरवर्ड होता होता तेवढंच गळून पडलं. पुढच्या वर्षी महाराष्ट्रभर म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) पेशंट आले, डायबेटिस आणि स्टेरॉइड दोन्ही असलेले कितीतरी, तेव्हा मला रात्ररात्र झोप लागायची नाही.

म्हणून, हे अगदी भिंतीवर लिहून ठेवा: औषध चालतं का हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, कुणावर चाललं? पेपर उघडलात की कन्क्लुजनकडे जाऊ नका, आधी इन्क्लुजन क्रायटेरिया (ट्रायलमध्ये कुणाला घेतलं त्या अटी), मग पहिलं टेबल, त्यात वय बघा, किती डायबेटिक, किती किडनीवाले, ॲडमिट होते की ओपीडीतले, आणि मग समोर खुर्चीत बसलेल्या माणसाकडे बघा. तो माणूस त्या टेबलात बसतो का? बसत नसेल तर तो निकाल त्याच्यासाठी नाही, किंवा फार जपून लावायचा. याला चार मिनिटं लागतात. माझी चार मिनिटं वाचली आणि काकांचे नऊ दिवस गेले.

घाबरवायला लिहीत नाहीये हं. शोधावं लागणं म्हणजे आपल्याला येत नाही असं आपल्याला कॉलेजात शिकवतात, ते खोटं आहे. अमेरिकेतल्या आयोवातल्या १०३ फॅमिली डॉक्टरांच्या कामावर १९९९ साली एक अभ्यास छापून आला, त्यांना पेशंट बघताना ११०१ प्रश्न पडले, त्यातल्या ६४ टक्क्यांचा त्यांनी तिथल्या तिथे पाठपुरावाच केला नाही, आणि ज्यांचा केला त्यातल्या ८० टक्क्यांची उत्तरं मिळाली, सरासरी दोन मिनिटांच्या आत. म्हणजे वर्षानुवर्षं प्रॅक्टिस करणाऱ्यांनाही प्रश्न पडतातच. आणि शोधलं तर बहुतेक वेळा सापडतं.

आमच्या सरांच्या खिशात छोटी वही असायची, पेशंट गेला की एका ओळीत प्रश्न लिहायचे आणि रात्री जेवणानंतर दोन सोडवायचे. मीही तेच सुरू केलं आणि माझ्या मते हे कुठल्याही फेलोशिपपेक्षा भारी आहे. मोठ्या नावाचा मेंटॉर शोधत फिरू नका, तुम्हाला प्रश्न विचारणारा एक माणूस पुरतो. आणि दुसरा मेंटॉर म्हणजे कॉलेजचे ग्रंथपाल! आपण त्यांच्याकडे फक्त नो ड्यूजच्या सहीला जातो. मला मेश टर्म (पबमेडचे ठरावीक विषय-शब्द) लावून कसं शोधायचं हे एका ग्रंथपाल मॅडमनी वीस मिनिटांत शिकवलं, तोवर मी पबमेडमध्ये गुगलसारखं वाक्यच्या वाक्य टाकत होते.

पैशांचं म्हणाल तर महागडी सबस्क्रिप्शन पहिल्याच वर्षी घेऊ नका. अपटूडेट (डॉक्टरांसाठीची संदर्भ साइट) चांगलंच आहे, पण आधी फुकट मिळतं ते वापरून संपवा. पबमेड फुकट, पीएमसीवर (पबमेडच्या जोडीचा पूर्ण पेपरांचा साठा) लाखो पेपर पूर्ण फुकट, ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या गाइडलाइन्स फुकट, आयसीएमआरचे स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो (उपचाराच्या पायऱ्यांचे तक्ते) तर एकेका आजाराचे एकेका पानावर आहेत आणि आपल्याकडची औषधं, आपल्याकडच्या सोयी धरून लिहिलेत, ते फोनमध्ये असायलाच हवेत. सरकारी कॉलेजात पीजी करत असाल तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन (सरकारी संस्थांना संशोधन जर्नल्स उघडून देणारी केंद्राची योजना) १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालंय, लायब्ररीत जाऊन आपल्याला काय काय उघडतं ते विचारा, लाजू नका.

वेबिनारबद्दल माझं मत कडक आहे. महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलला पाच वर्षांत ३० क्रेडिट (शिकत राहिल्याचे गुण) लागतात, मग शेवटच्या सहा महिन्यांत लोक ओपीडी चालू ठेवून फोन म्यूट करून वेबिनार लावतात. असं करू नका. वर्षाला सहा होतात फक्त, स्वतःच्या वहीतल्या प्रश्नांशी जुळणारे निवडा. वक्ता कोणत्या कंपनीकडून पैसे घेतो ती स्लाइड दोन सेकंद येते, ती बघा, आणि नंतर सांगितलेला एक तरी पेपर स्वतः उघडा. कंपनीने आयोजित केलं म्हणून सगळं खोटं असतं असं नाही, मी अशा एका वेबिनारमधून इन्सुलिन टायट्रेशन (डोस हळूहळू जुळवणं) छान शिकलेय.

चॅटबॉटचंही थोडक्यात: शोधायचे शब्द सुचवायला वापरा, डोससाठी अजिबात नाही. मला एकदा एकाने पेपरचं नाव, लेखक, वर्ष सगळं दिलं आणि पबमेडवर तो पेपरच नव्हता.

आता माझा दवाखाना सिंहगड रोडला आहे. २०२५ च्या जानेवारीत इथे जीबीएसची (गिलियन-बारे, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणारा आजार) साथ आली ते तुम्हाला आठवत असेल, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, सगळे आमचेच पेशंट. एक दादा आपल्या बायकोला धरून घेऊन आले, दहा दिवसांपूर्वी जुलाब झालेले आणि आता तिला जिना चढवत नव्हता. त्यांच्या फोनवर मेसेज होता की स्टेरॉइडचं इंजेक्शन लगेच घ्या म्हणजे नसा वाचतात. परत स्टेरॉइड. माझे हात थंड पडले. गुडघ्याचे रिफ्लेक्स बघितले, येत नव्हते. श्वासाची ताकद बघायला एका श्वासात आकडे मोजायला लावले, ताई १९ पर्यंत गेल्या. आधी ओळखीच्या न्यूरोलॉजिस्टना फोन लावला, बेड आहे म्हणाले, आणि गाडी येईपर्यंत मी पबमेडवर जीबीएस आणि कॉर्टिकोस्टेरॉइड टाकून सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा (सगळ्या ट्रायल्स एकत्र तपासणारे पेपर) फिल्टर लावला. कॉक्रेन या संस्थेचा रिव्ह्यू समोर आला: नुसत्या स्टेरॉइडने फायदा नाही, तोंडाने दिलं तर सुधारणा उलट लांबू शकते. चालणारे उपचार दोनच, आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या अँटीबॉडी) किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला प्लाझ्मा बदलणं). त्या दादांना मी फोनच त्यांच्याकडे फिरवून दाखवला, मराठीत समजावलं, ते म्हणाले, "मग इंजेक्शन नको ना मॅडम?" म्हटलं, "हे नको. हॉस्पिटल हवं, आत्ता, आणि श्वासाकडे लक्ष ठेवणारं." ताईंना आयव्हीआयजी मिळालं. एप्रिलमध्ये ताई स्वतः चालत आल्या, नातवाच्या लसीसाठी.

काहींना वाटेल रोज रात्री दोन प्रश्न कुठून सोडवणार, घर आहे, पोरं आहेत. मलाही रोज जमत नाही, आठवड्यात चार झाले तरी मी खूश असते. पहिले तीन महिने एकेका प्रश्नाला तास जाईल, चिडचिड होईल, नंतर हात बसतो. फक्त कुणीतरी बनवलेल्या समरी पीडीएफवर जगू नका, त्यात नेमकं 'कुणावर' हेच कापलेलं असतं.

माझ्या वहीत गेल्या सोमवारचा एक प्रश्न अजून तसाच आहे. वडगावच्या एक आजी, ८१ वर्षं, हार्टचा काही त्रास नाही, कोलेस्टेरॉल वाढलेलं, मुलगी विचारते गोळी आता नव्याने सुरू करायची का. स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या) जुन्या मोठ्या ट्रायल्सचं पहिलं टेबल उघडलं की पंचाहत्तरीच्या पुढची, आधी हार्टचा त्रास नसलेली माणसं फार थोडी दिसतात. मुलीला तसंच सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात दोघींना परत बोलावलंय, रविवारी बसून वाचणार आहे.