आकडा की अक्षर : या चुका टाळा

दिवाळी अंकांची मुद्रिते तपासताना काही चुका दरवर्षी नेमाने भेटतात, आणि त्यांत संख्यालेखनाची चूक सर्वांत चिवट आहे, कारण लिहिणाऱ्याला ती चूक वाटतच नाही. मोजून, मापून किंवा नोंदवून आलेली संख्या अंकांत लिहावी आणि बोलण्याच्या ओघात आलेली संख्या अक्षरांत, एवढे भान बहुतेक ठिकाणी पुरते. सभेला ३४७ सभासद हजर राहतात. कट्ट्यावर मात्र दहा-बारा जण जमतात, १०-१२ नव्हे.

हे भान यायला वेळ लागतो आणि नवोदितांना तेवढा धीर नसतो. अशाच एका कथालेखकाने ‘शोधा आणि बदला’ ही संगणकाची आज्ञा वापरून कथेतील सगळ्या संख्यांचे एका झटक्यात अंक केले आणि परत न वाचताच कथा धाडून दिली. ‘सातारा’चे ‘७ारा’ झाले, ‘विचार’चे ‘वि४’ आणि ‘आठवण’ची ‘८वण’. हे निदान डोळ्यांना खुपते. पण नायिकेची आई ‘४ लोक काय म्हणतील’ असे म्हणू लागली होती आणि कोल्हापूरची अंबाबाई ‘साडे३ शक्तिपीठांपैकी १’ झाली होती, तिकडे घाईत कोणाचेही लक्ष गेले नसते. उलटी आज्ञा देण्याचीही सोय नव्हती, कारण मग १९४७ चे ‘एकनऊचारसात’ झाले असते. छपाई तोंडावर आलेली असताना ती कथा ओळ न् ओळ हाताने दुरुस्त करावी लागली. तेव्हापासून मी अशी आज्ञा दिलेला मजकूर तपासायला घेत नाही, तो लेखकाकडे परत पाठवतो.

धनादेशावर मी आधी अक्षरी रक्कम लिहितो आणि मगच अंक. धनादेशांना लागू असलेल्या परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ नुसार दोन्हींत तफावत असल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य धरली जाते. व्यवहारात मात्र बँक असा धनादेश बहुधा परतच करते. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत गोंधळ होत असेल, तर उजळणी काढून बसावे.

‘४० २०० पानी वह्या’ असे न लिहिता ‘दोनशे पानी ४० वह्या’ असे लिहावे. ‘२न्ही’ आणि ‘३घे’ यांना कोठेही थारा नसावा. देवनागरी आणि इंग्रजी अंक एकाच मजकुरात मिसळू नयेत, आणि लाखाचा स्वल्पविराम १,००,००० असाच द्यावा.