परदेशात फॅक्टरी टाकायचीय? आधी देशांचा अभ्यास असा करा

परदेशात फॅक्टरी टाकायची म्हटलं की बहुतेक जण आधी मजुरी कुठे स्वस्त आहे तेच बघतात आणि माझ्या मते तिथेच गडबड सुरू होते, कारण मजुरी हा खर्चातला एक आकडा झाला आणि तोही दरवर्षी बदलणारा. सुरुवात करायची ती आपला माल काय आणि तो कुठे विकायचाय इथून.

त्यासाठी पहिल्यांदा मालाचा एचएस कोड (कस्टम्समध्ये माल ओळखायचा आंतरराष्ट्रीय नंबर) काढा, त्याचे पहिले सहा आकडे जवळपास सगळीकडे सारखेच असतात. तो टाकला की आयटीसीच्या (इंटरनॅशनल ट्रेड सेंटर) ट्रेड मॅप या वेबसाइटवर दिसतं कुठला देश हा माल कुणाला विकतोय, आणि मार्केट ॲक्सेस मॅपवर ड्युटी कळते. जिथून तुमच्यासारखा माल आधीच बाहेर जातोय तिथे सुटे भाग देणारे, मशीन दुरुस्त करणारे, काम येणारी माणसं मिळायची शक्यता जास्त.

मग व्यापार करार बघा, पण नुसता करार आहे एवढ्यावर खूश होऊ नका, रूल्स ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कुठल्या देशाचा धरायचा याचे नियम, वाचा. व्हिएतनाम आणि युरोपियन युनियनचा करार ऑगस्ट २०२० पासून लागू आहे, पण कपड्यांना ड्युटीत सवलत हवी तर कापडही साधारणपणे व्हिएतनाम किंवा युरोपातलंच लागतं (दक्षिण कोरियाचं चालतं), चीनचं कापड आणून नुसतं शिवून पाठवलं तर सवलत मिळत नाही. आणि दिलेली सवलत काढूनही घेतात बरं का, अमेरिकेने १ जानेवारी २०२२ पासून इथिओपियाला आगोआ योजनेतून (आफ्रिकी देशांच्या मालाला ड्युटीत सवलत देणारी) बाहेर काढलं आणि तिच्या भरवशावर तिथल्या हवासा शहरातल्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये कपडे शिवणाऱ्या फॅक्टऱ्या अडचणीत आल्या.

आता हातात सात-आठ देश असतील. त्यांना मार्क देत बसण्यापेक्षा सरळ काट मारा. नफा बाहेर नेता येत नाही? काट. परदेशी मालकीवर तुमच्या धंद्यात बंधन आहे? काट. वीज किती वेळा जाते, लाच किती मागतात हे वर्ल्ड बँकेच्या एंटरप्राइझ सर्व्हेमध्ये तिथल्या कंपन्यांनीच सांगितलेलं असतं, ते वाचा. बंदर-वाहतुकीसाठी लॉजिस्टिक्स परफॉर्मन्स इंडेक्स आहे. डुइंग बिझनेसची (कुठल्या देशात धंदा करणं सोपं ते सांगणारी) जुनी रँकिंग मात्र धरू नका, आकड्यांत गडबड निघाल्यामुळे वर्ल्ड बँकेने तो रिपोर्ट २०२१ मध्ये बंद केला, त्याच्या जागी आलेल्या बी-रेडीचा पहिला अंक २०२४ चा आणि त्यात फक्त ५० अर्थव्यवस्था होत्या.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो पुढच्या पायरीला. देशाची सरासरी फसवते, तुमची फॅक्टरी एका ठरावीक इस्टेटमध्ये असणार आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात उत्तर व्हिएतनाममध्ये धरणं आटली, जलविद्युत कमी पडली आणि तिथल्या फॅक्टऱ्यांची वीज जायला लागली, दक्षिणेत तसा त्रास नव्हता. देश एकच! थायलंडमध्ये २०११ च्या पुरात अयुथया भागातल्या इंडस्ट्रियल इस्टेट कित्येक आठवडे पाण्यात होत्या आणि जगभर हार्ड डिस्कचा तुटवडा झाला. म्हणून पुराचे नकाशे, सबस्टेशन, बंदरापर्यंतचा रस्ता हे सगळं त्या प्लॉटपुरतं तपासा.

टॅक्स हॉलिडेला, म्हणजे काही वर्षांच्या करमाफीला, फार भुलू नका. ग्रुपची उलाढाल ७५ कोटी युरोच्या वर असेल तर १५ टक्के जागतिक किमान कराचा नियम आड येऊ शकतो.

उरलेल्या दोन-तीन देशांची एकच शीट करा, माल गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंतचा खर्च: मजुरी आणि तिच्यावरचे सोशल सिक्युरिटीचे पैसे, वीज, भाडं, ड्युटी आणि माल समुद्रात असताना अडकलेलं भांडवल. हे शेवटचं बरेच जण विसरतात.

मग तिथे जाच. सरकारी गुंतवणूक एजन्सी चांगलंच दाखवणार, ते त्यांचं कामच आहे, पण त्याच इस्टेटमधल्या आधीपासून चालू असलेल्या फॅक्टरीच्या मॅनेजरला गाठा आणि विचारा, जनरेटर महिन्यात किती तास चालतो, मोठ्या सुट्टीनंतर किती कामगार परत येत नाहीत, कस्टम्समध्ये कंटेनर किती दिवस अडकतो. शक्यतो दोन-तीन जणांना वेगवेगळं विचारा. आणि प्लॉटचं टोकन देण्याआधी वीज-पाण्याचं कनेक्शन किती लोडचं आणि कुठल्या तारखेला मिळणार ते लेखी घ्या, तोंडी आश्वासनावर मशीन ऑर्डर करू नका.