इलेक्ट्रिक गाडीचा विमा महाग पडतो म्हणून या चुका करू नका

गाड्यांचे क्लेम बघणं हे माझं रोजचं काम, आणि इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. प्रीमियम एवढा जास्त का, आणि तो कमी कसा करायचा. पहिल्याचं उत्तर ऐकायला कोणाला वेळ नसतो, सगळ्यांना दुसऱ्याचंच पाहिजे असतं, आणि घोळ तिथेच होतो.

तर आधी पहिलं. या गाडीतला सगळ्यात महागडा भाग म्हणजे बॅटरी पॅक आणि तो असतो गाडीच्या पोटाखाली. मार लागल्यावर आत काय झालंय ते वरवर बघून कळत नाही, आणि बऱ्याच पॅकमध्ये आतला एखादाच भाग काढून बदलायची सोय नसते, त्यामुळे छोट्या इजेला पूर्ण पॅकचा खर्च येऊ शकतो. त्यात हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग घेतलेले मेकॅनिक कमी, आणि बॅटरीला मार बसल्याची शंका असेल तर गाडी इतर गाड्यांपासून लांब, उघड्यावर ठेवावी लागते कारण आग उशिरानेही लागू शकते. विमा कंपन्यांसाठी गाड्यांचा अभ्यास करणाऱ्या ब्रिटनच्या थॅचम रिसर्च या संस्थेने २०२३ मध्ये दिलेल्या अहवालात तिथले इलेक्ट्रिक गाड्यांचे क्लेम पेट्रोल-डिझेलपेक्षा साधारण २५ टक्के महाग निघाले, दुरुस्तीला वेळही १४ टक्के जास्त. म्हणजे तुम्ही विमा मुख्यतः बॅटरीचा काढताय. आणि लोक पैसे वाचवायला जातात ते नेमके बॅटरीच्याच ठिकाणी.

खालून लागलं, पण वॉर्निंगचा लाइट नाही लागला, म्हणून गाडी चालवत राहणं

ही चूक बघून बघून मी खरंच थकलोय. एक गृहस्थ आले होते, काम चालू असलेल्या रस्त्यावरून घाईत जाताना मोठा दगड खालून लागला, आवाज जोरात झाला. उतरून बघितलं, टायर ठीक, डॅशबोर्डवर काही नाही, निघाले. पुढे बरेच दिवस गाडी रोज चालली, फास्ट चार्जिंगही झालं, आणि एका सकाळी इन्सुलेशन फॉल्टची, म्हणजे हाय व्होल्टेजचा करंट गळत असल्याची, वॉर्निंग येऊन गाडी चालूच होईना, चार्जही घेईना. लिफ्टवर घेतल्यावर दिसलं की बॅटरीखालची प्लेट आत दबलीय, कूलिंगच्या जागी चीर गेलीय आणि त्या चिरेत माती वाळून घट्ट बसलीय. त्यांनी क्लेममध्ये तारीख टाकली त्या सकाळची! सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाला, वाळलेली माती दिसते हो, आणि गाडीच्या सिस्टिममध्ये तापमानाच्या तक्रारी आधीपासून नोंदलेल्या होत्या. कंपनीने प्लेटचे पैसे दिले, पॅकचे नाही, कारण मार लागल्यानंतर गाडी वापरत राहिल्यामुळे वाढलेलं नुकसान त्या पॉलिसीत बसत नव्हतं आणि तारीखही खोटी निघाली. त्याच दिवशी फोन केला असता तर पॅकचा क्लेम मिळायची चांगली शक्यता होती. माणूस वाईट नव्हता, घाबरला आणि घाई केली, मला त्यांचं आजही वाईट वाटतं.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. आवाज आला की सुरक्षित जागी थांबायचं, दगडाचा, जागेचा, मोबाइल खाली घालून प्लेटचा आणि किलोमीटरच्या आकड्याचा फोटो घ्यायचा, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवायचं. लिफ्टवर तपासेपर्यंत फास्ट चार्जिंग बंद. तपासणीत काही निघालं नाही तरी तसं लिहून घ्यायचं आणि तो कागद जपायचा, पुढे कामाला येतो. आणि प्लेट कुठल्याही गॅरेजमध्ये ठोकून सरळ करून घेऊ नका, कळकळीने सांगतोय, ठोकल्यावर मूळ मार कसा लागला होता तेही सांगता येत नाही आणि आत काय हललं तेही.

गाडीची किंमत कमी दाखवून प्रीमियम उतरवणं

नवीन लोकांचा आवडता शॉर्टकट, आणि मला अजिबात न आवडणारा. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीतल्या किमतीच्या ठरावीक प्रमाणापलीकडे गेला की गाडी टोटल लॉस धरतात, म्हणजे दुरुस्त न करता पॉलिसीतल्या किमतीवर हिशोब मिटवतात. इलेक्ट्रिक गाडीत एकटा पॅकच त्या हद्दीजवळ नेऊन ठेवतो, त्यात तुम्ही किंमत कमी दाखवली तर गाडी लवकर टोटल लॉसमध्ये जाणार आणि हातात येणार ती कमी केलेली रक्कम. कर्ज मात्र पूर्ण किमतीवर घेतलेलं असतं. खर्च कमी करायचाच असेल तर क्लेममधला स्वतःच्या खिशातून द्यायचा हिस्सा वाढवा, पण तेवढाच जेवढा उद्या लागला तर खरंच भरू शकाल. बारीक ओरखड्यांचे क्लेम करू नका म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, म्हणजे बोनस, टिकतो. दर रिन्यूअलला तीन-चार कंपन्यांचे कोट मागवा, इलेक्ट्रिक गाडीत दरांचा फरक बराच असतो. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे गाडी बुक करायच्या आधी त्या मॉडेलचा कोट काढा, नंतर नाही.

बाकीच्या पटापट सांगतो.

वॉरंटी आहे म्हणून विम्यातलं बॅटरीचं कव्हर काढू नका. वॉरंटी, जी बहुतेक ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते, ती बिघाडासाठी आणि क्षमता फार उतरली तर; आपटलेल्या किंवा बुडालेल्या बॅटरीसाठी नाही. उलट वयाने रेंज कमी झाली म्हणून विम्याकडे जाऊ नका, ते विम्यात बसत नाही.

बॅटरीवर आयपी६७, म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याचं रेटिंग, लिहिलंय म्हणून पाण्यात गाडी घालू नका, ती चाचणी एक मीटर पाण्यात अर्धा तास एवढीच असते. बुडालेली गाडी चालू करून बघू नका, चार्जिंगलाही लावू नका. खारं पाणी तर फारच वाईट, २०२२ मध्ये फ्लोरिडात इयन वादळानंतर पाण्यातून निघालेल्या इलेक्ट्रिक गाड्यांनी नंतर पेट घेतला होता.

बॅटरी भाड्याने असेल तर तसं कंपनीला लेखी कळवा. घरचा चार्जर आणि केबल कव्हरमध्ये आहेत का ते विचारा, धरून चालू नका. पुढची काच बदलली तर तिच्यामागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो पुन्हा नीट जुळवून घेणं, बिलात आहे का बघा.

आणि गाडी बंद पडली तर फ्लॅटबेडच मागवा, बहुतेक इलेक्ट्रिक गाड्या चाकं जमिनीवर ठेवून ओढल्या तर चाकांबरोबर मोटर फिरते आणि ती खराब होऊ शकते. दोरी बांधून ओढून देतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा, थांबावं लागलं तरी चालेल.