टर्बो लावायचाय? आधी क्लच बघा

१.२ लिटरच्या पेट्रोल हॅचबॅकला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) बसवायचा तर हिशेब क्लचपासून मांडा. मूळ टॉर्क साधारण ११०-११५ न्यूटन-मीटर. ०.४ बार बूस्टने (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाने) तो दीडशेच्या घरात जातो आणि मूळ क्लच वरच्या गिअरमध्ये घसरू लागतो. आरपीएम चढतो, वेग चढत नाही. हेवी ड्यूटी प्रेशर प्लेट, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग एकदमच बदला. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा कशाला?

कॉम्प्रेशन टेस्टमध्ये सिलिंडरांच्या दाबात १० टक्क्यांहून जास्त फरक आला, तर टर्बोचा विषय तिथेच संपवा.

खरी गोम टर्बोतून ऑइल परत नेणाऱ्या पाइपात आहे. तो आतून किमान १६ मिलिमीटर, सलग उताराचा आणि संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेला हवा. मध्ये झोल राहिला की ऑइल तुंबतं, सील ओलांडून एक्झॉस्टमध्ये उतरतं, निळा धूर सुटतो. मग बिचारा टर्बोच खराब ठरतो!

इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारा), मोठे इंजेक्टर आणि ट्यूनिंगवर काटकसर नको. फुल बूस्टला एअर-फ्युएल रेशो (एक भाग पेट्रोलला हवेचे भाग, वजनाने) ११.५ ते १२ ठेवा. ट्यूनिंगचा मॅप (इंधन आणि स्पार्कचं कोष्टक) उन्हाळ्यात, कसारा घाट नाशिककडे चढताना तपासा. नाशिकच्या गंगापूर रोडवर गुपचूप चालणारं इंजिन तिथे नॉक करू शकतं (इंधन अवेळी पेटून ठोके देतं). केलं तर बूस्ट कमी करा, स्पार्कचं टायमिंग मागे घ्या.

बदल आरसीवर चढेल का, हे सामान घेण्याआधीच आरटीओत विचारा. विम्याचा दावा त्यावरच अडतो.